घरातल्या पोरीला चालायला लावत नाहीत

आमच्याकडं मुलगी बघायला पाहुणे आले, पोहे-चहा झाला, शिक्षण विचारून झालं, की त्यांच्यातली एखादी म्हातारी हमखास म्हणते, "बाय, जरा चालून दाखव की." मग ती पोरगी उठते, दारापर्यंत जाते, वळते आणि परत येऊन बसते. आठ-दहा माणसं तिच्या घोट्यांकडं बघत असतात. मेंढरू विकत घेतानाही आमची माणसं आधी चार पावलं चालवून बघतात. त्याचं मला काही वाटत नाही, मेंढराला लाज नसते. पोरीला असते. या प्रकाराची मला किळस आहे, आणि पन्नाशी जवळ आली तरी ती तसूभर कमी झालेली नाही.

किळस हा शब्द मी मुद्दाम वापरते. मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझी पोरं निबंधात 'मला फार वाईट वाटले' असं लिहितात. तसलं हे नव्हे. हे पोटातून वर येतं.

माझं माहेर जत तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीला लागून. मेंढरं राखणारं घर. आमच्यात काहींच्या पिंढऱ्या बारीक, गुडघ्याखाली नुसती काठी. आजोबांच्या होत्या, धाकट्या चुलत्याच्या होत्या, दादाच्या आणि माझ्या आहेत. थोरल्या आक्काच्या मात्र चांगल्या भरीव. आजोबा गुडघा वर उचलून पाऊल टाकायचे, चिखलातून चालल्यागत. आणि आमच्या गावात चिखल कुठला आलाय, टँकर आला तरच अंगण ओलं व्हायचं. गावातली पोरं आम्हाला 'बगळ्याची' म्हणायची. घरातली मोठी माणसं म्हणायची, "आपल्या घराण्याच्या पिंढऱ्याच बारीक." एखाद्या घराण्यात नाकं मोठी असावीत तसं. एवढ्यावर विषय संपायचा.

माझी चप्पल पायातून निघून जायची आणि मला कळायचं नाही. शाळेतून घरी यायचे तर एक पाय चपलेत आणि एक उघडा. आई विचारायची, "दुसरी कुठं टाकलीस?" मी खाली बघायचे आणि मग मला कळायचं. मार खायचे. पाचवीत असताना एकदा टाचेत बाभळीचा काटा घेऊन मी दोन दिवस हिंडले होते. पाय सुजला तेव्हा आईनं बघितलं.

बारा वर्षांची असताना मला डाग दिला. आमच्यात मेंढराला वात आला, पाय ओढायला लागलं, की सळई लाल करून डागतात, आणि माणसालाही डागतात. शेजारच्या वस्तीवरचा एक म्हातारा या कामात हुशार समजला जायचा. त्यानं माझी पावलं मांडीवर घेतली आणि पावलाच्या वरच्या अंगाला सळई टेकवली. चर्र झालं. कातडं जळाल्याचा वास आला. मला नुसतं ऊन लागल्यासारखं वाटलं. म्हातारा खूश झाला. "पोरगी लय धीराची हाय गड्या," असं तो माझ्या बापाला म्हणाला. बापाला अभिमान वाटला. मलाही वाटला, काय सांगू. मग त्यानं घोट्याच्या वर वीतभर अंतरावर सळई लावली आणि मी अशी बोंबलले की गोठ्यातली मेंढरं उठून उभी राहिली. पायाला खाली कळत नाही आणि वर कळतं, हे त्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पावलावरच्या डागण्या चिघळल्या. हळद लावली, मेंढराचं लोणी लावलं, कुणी चुलीची राख सांगितली तर तीही लावली. पू यायला लागला. माशा बसायच्या आणि मला त्या बसल्याचं कळायचं नाही, घोंघावणं ऐकू आलं की पाय हलवायचा. मला माझ्याच पायांचा वास यायचा. अंथरुणात आक्का माझ्याकडं पाठ करून झोपायची. तिला दोष देत नाही, मलाही शक्य असतं तर मी पाठ केली असती.

आक्काचं लग्न सहज झालं. चालून दाखवलं, पास झाली, पलूसच्या बागायती घरात गेली. माझी पाळी आली तेव्हा आईनं महिनाभर आधीपासून मला शिकवणी लावली. टाच आधी टेक. पाऊल आपटू नको. पदर सावरल्याचं निमित्त करून सावकाश वळ. मी घरातल्या घरात येरझाऱ्या घालायचे आणि माझी पावलं शेणानं सारवलेल्या जमिनीवर फट् फट् वाजायची. आई म्हणायची, "वाजवू नको." मी काय मुद्दाम वाजवत होते? पाऊल पुढून पडायचंच, त्याला धरून ठेवणारी ताकदच तिथं नव्हती.

पाहुणे आले त्या दिवशी मी दारापर्यंत बरी गेले. वळताना उजव्या पायाचा अंगठा चटईत अडकला. पडले नाही, चौकट धरली. त्यांच्यातली म्हातारी उठली, माझ्याजवळ आली, खाली वाकली आणि दोन बोटांनी माझं लुगडं वर उचलून पिंढरी बघितली. भरल्या बैठकीत. मग लुगडं सोडलं आणि बोटं स्वतःच्या पदराला पुसली. "कळवतो," म्हणाले आणि गेले. त्यांनी कळवलं नाही ते बरंच झालं.

आई रडली नाही. ती म्हणाली, "मामाचा पोरगा हाय की. घरातल्या पोरीला कुणी चालायला लावत न्हाई." हे तिनं मला समजूत घालायला म्हटलं होतं. मामाच्या घरी सगळे आमचे पाय बघतच वाढले होते, तिथं काय लपवायचं? चूल ओळखीची, देव ओळखीचा, आणि बाहेर बोभाटा नाही. तिचं स्वतःचं लग्न असंच झालेलं. माझा बाप तिच्या आत्याचा मुलगा.

मी नाही म्हटलं. मामाच्या पोराबद्दल तक्रार नव्हती, बिचारा गरीब होता. मला त्या सगळ्याचाच वीट आला होता. डी.एड. केलं, नोकरी लागली आणि मी सातारा जिल्ह्यात मेढ्याच्या बाजूला निघून गेले. लग्न केलं नाही. दादाचं मात्र मामाच्या मुलीशी लग्न लावलं. दादाचे पाय माझ्याहून वाईट, चाळिशीच्या आत त्याच्या हातात काठी आली. वहिनीचे पाय धडधाकट. त्यांना एकच मुलगी. तिनं पहिल्यांदा अंगणात चप्पल हरवली तेव्हा ती सात वर्षांची होती. मी दिवाळीला गेले होते. ती एका पायात चप्पल घालून माझ्याकडं पळत आली, गुडघे उचलत. मी तिला कडेवर घेतलं आणि कुणाला काही बोलले नाही. नोकरी करणारी, शिकलेली बाई मी, पण मीही मनात म्हटलं, घराण्याच्या पिंढऱ्या.

मेढ्याकडं पाऊस भयंकर. आमची शाळा डोंगराच्या कुशीत आहे, पावसाळ्यात जळवा असतात. सगळ्यांनाच चावतात, पण बाकीच्या बायांना कळतं आणि त्या किंचाळून झटकतात. एकदा मी वर्गात फळ्यावर लिहीत होते आणि पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, तुमचा मोजा लाल झालाय." मोजा काढला. बोटांच्या बेचक्यात तीन जळवा रक्त पिऊन टम्म फुगल्या होत्या आणि चौथी टाचेला. केव्हापासून होत्या देव जाणे. पोरं बघत होती. मी जळवा मीठ टाकून काढल्या, पाय धुतला आणि मागच्या मोरीत जाऊन ओकले. त्याच सुमारास खडू हातातून सटकायला लागला होता आणि ब्लाउजचे हुक लागत नव्हते. तेव्हा मी मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडं गेले.

त्यांनी पायाला आणि हाताला चकत्या चिकटवून बारीक बारीक विजेचे झटके दिले. गुडघ्याजवळ झटका दिला की मी दचकायचे, घोट्याजवळ दिला की यंत्रावरची रेघ जवळजवळ सपाट. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. मेंदू आणि मणक्यातून नसा निघतात, त्यातून निरोप जातात आणि खबर परत येते. काही घराण्यांत या नसांवरचं आवरण जन्मापासून कच्चं असतं, त्यामुळं निरोप रखडत जातो. काहींत आतला धागाच टोकाकडून वाळत येतो. तुमचं हे दुसरं, ते म्हणाले. सगळ्यात लांब नस पायाच्या बोटापर्यंत जाते, म्हणून पाय आधी, मग हात. मला आमचा कालवा आठवला. वरच्या गावांना पाणी आणि टेलला, म्हणजे टोकाला आमच्याकडं, ठणठणाट, तसं माझं अंग. पिंढरीच्या स्नायूत काही खोट नव्हती. त्याला हुकूमच पोचत नव्हता, म्हणून तो बसून बसून वाळला.

मग त्यांनी विचारलं, "आईवडील नात्यातले होते का?"

मी म्हटलं, "हो, आत्या-मामाचीच. आमच्यात चालतं."

त्यांनी कागदावर चौकोन आणि गोल काढले. चौकोन म्हणजे पुरुष आणि गोल म्हणजे बाई. म्हणाले, हा आजार व्हायला माणसात दोन दोष असावे लागतात, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून. एकच असेल तर माणूस ठणठणीत असतो, आयुष्यात त्याला कळतही नाही. बाहेरच्या घराण्याशी सोयरीक झाली तर सहसा दुसरा दोष भेटत नाही. घरातल्या घरात झाली तर भेटतो. त्यांनी रेघा ओढल्या आणि आजोबा, चुलता, दादा, मी, भाची असे काळे ठिपके दिले. मी त्या कागदाकडं बघत बसले. पाय लपवायला म्हणून ज्या सोयरिकी केल्या, त्यांनीच पुढच्या पोरांचे पाय घालवले होते. चालून दाखवायला लागू नये म्हणून पोरगी घरात दिली, आणि तिच्या पोटी जी आली तिला चालताच येईना. मला इतका संताप आला की डॉक्टर 'यावर अजून औषध नाही, पण व्यायाम आणि पायांची काळजी' असं सांगत होते ते मी निम्मं ऐकलंच नाही.

जतला जाऊन दादाला कागद दाखवला. तो म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. हे बाहेर गेलं तर माझ्या पोरीला कोण करणार हाय?" मी म्हटलं, तुमच्या झाकण्यानंच हे झालंय. तो म्हणाला, "तू शिकलीस, लय शानी झालीस." वहिनी भाकऱ्या थापत होती, तिनं तोंड वर केलं नाही. त्या दिवसापासून मी गावातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला हा विषय काढायला लागले. मी आले की बाया उठून आत जायच्या.

भाची मात्र वेगळ्या मातीची निघाली. ती शिकली, मिरजेत औषधांच्या दुकानात कामाला लागली, स्वतः जाऊन तपासणी करून घेतली. रक्त बाहेर पाठवलं आणि दोष नेमका कुठल्या जागी आहे त्याचा रिपोर्टही आणला. बुटात घालायचे प्लास्टिकचे आधार करून घेतले आणि चालायला लागली. मी बोलताना आवाज चढवते, ती हसते. "आत्या, तुझं ब्लडप्रेशर माझ्या पायापेक्षा वाईट हाय," म्हणते. रिपोर्टचा फोटो तिनं मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, वर लिहिलं होतं, 'तुझ्याजवळ असू दे, बाबा फाडतील.'

मागच्या वर्षी आक्कानं आपल्या मुलासाठी तिला मागणी घातली. पुन्हा तेच, आत्याच्या घरी. मी ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. भाचीला फोन केला. ती म्हणाली, मला तो आवडतो, लहानपणापासून. मी बोलायला सुरुवात केली तर तिनं मला थांबवलं. "आत्या, मला सगळं ठाऊक हाय. तू काय बोलू नको. मी बघते. शब्द दे मला."

मी शब्द दिला.

सुपारी फोडायचा दिवस ठरला. दादाच्या दारात मांडव, सकाळी अकराची वेळ, दोन्हीकडची मिळून पंचवीसेक माणसं. आक्का हिरवं लुगडं नेसून आली होती, खुशीत होती. भाची आतून आली आणि चटईवर बसली, आक्कानं तिला कुंकू लावलं. पाहुण्यांतल्या कुणीतरी, आक्काच्या जावेनं वाटतं, चेष्टेत म्हटलं, "नवरी चालून तरी दाखवू दे की." सगळे हसले. आक्का म्हणाली, "आवं, घरातल्या पोरीला कुणी चालायला लावतंय व्हय? आमचंच रगत हाय ते. तिच्या पायात काय हाय नि काय न्हाई, आमाला काय ठावं न्हाई का?"

मी गप्प बसायला हवं होतं. पण ते वाक्य कानावर पडलं आणि पोटातून ते वर आलं. मी उभी राहिले. म्हटलं, "ठाऊक हाय? काय ठाऊक हाय तुला?" पायातला बूट काढला, मोजा काढला, आणि माझं ते वाकड्या बोटांचं, घट्ट्यांचं, डागण्यांच्या वणांचं पाऊल चटईवर सुपारीच्या ताटाशेजारी ठेवलं. कुणीतरी 'अगं' म्हणालं. मी म्हटलं, हे बघा, हे तुमचं घरातलं रगत. मग फोन काढला आणि भाचीचा रिपोर्ट मोठ्यानं वाचला. तिचं नाव, वय, आजार, दोष, सगळं. वर्गात वाचते तसं, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. म्हटलं, दादा लपवतोय, ही लपवतीय, आणि यांना जी पोरं होतील ती असलीच पायांची होतील, मग डागा त्यांना सळईनं.

वाचताना मला बरं वाटत होतं. हे लिहायची लाज वाटते, पण बरं वाटत होतं. तीस वर्षांचं साचलेलं बाहेर पडत होतं. मी सगळ्यांकडं बघत होते, भाचीकडं सोडून.

आक्काचं तोंड पांढरं पडलं. ती माझी बहीण आहे, तिला कुठं मारायचं ते माहीत आहे. ती सावकाश म्हणाली, "तुला कुणी केली न्हाई, म्हणून आता हिचंबी मोडतीस व्हय." मग तिनं ताट उचललं. आक्काची जाऊ, दीर, सगळे उठले. नवरा मुलगा उठला, तोंड उघडलं, "आई, ऐक की," म्हणाला. आक्का म्हणाली, "चल." तो गेला. दादा काठी धरून उभा होता. त्यानं मला शिवीसुद्धा दिली नाही.

भाची चटईवर तशीच बसली होती. सगळे पांगल्यावर तिनं फोन काढला आणि माझ्यासमोर धरला. दुसरा रिपोर्ट होता, आक्काच्या मुलाचा. ती शांतपणे म्हणाली, "मी त्याला मागंच सगळं सांगितलं. त्यानं मिरजेला येऊन रक्त दिलं, थोरल्या आत्याला न सांगता. गुरुवारी हे आलं. त्याच्यात दोष न्हाई, आत्या. एकबी न्हाई. आमच्या पोरांना हे झालं नसतं."

मी वाचलं. डॉक्टरांनी काढलेले चौकोन आणि गोल मला पाठ होते, मी मनात रेघा ओढून बघितल्या. तिच्याकडून एक दोष जाणार, त्याच्याकडून एकही नाही. पोरं ठणठणीत झाली असती. पिढ्यान्‌पिढ्यांत पहिल्यांदा कुणीतरी लग्नाआधी तपासून घेतलं होतं, मी घसा फोडून सगळ्यांना जे सांगत होते नेमकं तेच.

तिसऱ्या दिवशी मी पलूसला गेले. आक्का ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी रिपोर्टचं सांगितलं, पाया पडायला वाकले. तिनं पाय मागं घेतले. म्हणाली, "असंल खरा. पोरानं मला दाखवला. पर पंचवीस माणसांनी ऐकलंय. उद्या तिचं एखादं पोर चालताना नुसतं अडखळलं, तरी माझ्या भावकीत बाया म्हणणार, बघा, आलंच. जन्मभर त्या पोरीच्या पायाकडं बघणार सगळ्या. मला हे घरात नको." आतून तिचा मुलगा आला. माझ्याकडं बघितलं नाही. गाडी चालू करून निघून गेला. मला वाटलं होतं तो आईच्या विरुद्ध जाईल. त्याच्यावर राग काढायचा मला हक्क नव्हता, तरी आला.

तिथून मी मिरजेला गेले. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. भाची औषधांच्या पेट्या लावत होती. मी सांगितलं, आक्का ऐकत नाही, मी पुन्हा जाईन, डॉक्टरांना घेऊन जाईन, सगळ्या भावकीला बसवून समजावीन.

"नको," ती म्हणाली. "आता कुणाला काय समजावू नको."

"मला तुझ्या पोरांची काळजी होती गं. माझ्यासारखं व्हायला नको म्हणून मी बोलले."

तिनं हातातली पेटी खाली ठेवली. ती हसली नाही आणि चिडलीही नाही. म्हणाली, "काळजी असती तर तू मला बाजूला घेऊन विचारलं असतंस. मी सांगितलं असतं. तुला त्यांची जिरवायची होती, आत्या. लय वर्षांपासून जिरवायची होती. मी नुसती तुझ्या हातात सापडले."

गिऱ्हाईक आलं. ती काउंटरकडं गेली, चिठ्ठी घेतली, गोळ्या कापून दिल्या, दिवसातून किती वेळा घ्यायच्या ते समजावून सांगितलं. मी तिथंच उभी होते. तिचं खरं होतं.